इंजिन बंद करू नका

"इंजिन बंद करू नका, ताई!" दस्तगीरभाई गाडीच्या तोंडाशी उभे राहून ओरडले, तेव्हा माझा हात चावीवर गेलेलाच होता.

"बॉनेट उघडायचंय ना?"

"उघडू की. पण इंजिन चालूच राहू द्या. आता ब्रेकवर पाय दाबून ठेवा आन् गिअरचा दांडा एकेका खाचेत न्या. सावकाश. घाई करू नगासा."

घाई मी करतच होते. त्या दिवशी नवरात्रातली अष्टमी होती, मी कामाला होते त्या लॅबमध्ये नऊ वाजता उपाशीपोटी रक्त द्यायला माणसं येऊन बसायची, आणि मी इथं पलूसच्या नाक्यावर गॅरेजात गाडीचा दांडा मागे-पुढे करत बसले होते. दांडा मागच्या खाचेत नेला. गाडी ढिम्म. मनात एक, दोन, तीन म्हणेपर्यंत काही नाही, आणि मग बुडाखालून कुणीतरी लाथ घातल्यासारखा धक्का. पुढच्या खाचेत नेला. पुन्हा तेच. एक, दोन, तीन, आणि लाथ.

दस्तगीरभाईंनी मान तिरकी करून ऐकलं. मग दांडा पार्किंगला लावायला सांगून ते बॉनेटखाली वाकले आणि मागच्या अंगाची एक लांब पट्टी ओढून काढली. कोऱ्या कागदावर पुसली, परत घातली, परत काढली आणि माझ्या खिडकीशी आणून धरली. पट्टीच्या अगदी टोकाला, नखाएवढं, काळपट काहीतरी लागलं होतं.

"हे गिअरबॉक्सचं ऑइल. लाल असतंय, कोकमाच्या सरबतासारखं. ह्ये बघा, काढा झालाय. आन् वास घ्या."

रक्ताचे नमुने हुंगायची सवय मला नाही, पण वास घेतला. करपलेल्या डाळीचा, तळाला लागलेल्या.

"आता बंद करा गाडी," ते म्हणाले. "आन् पाच मिनिटं थांबा."

थांबणं हा माझा गुण कधीच नव्हता. ती पाच मिनिटं मी गॅरेजभर फिरले. मग त्यांनी तीच पट्टी बंद गाडीतून पुन्हा काढून दाखवली. या वेळी ऑइल चक्क वरच्या खुणेला टेकलेलं.

"हे कसं काय?"

"इंजिन चालू असलं की ऑइल वर चढून कामाला लागतंय. बंद केलं की समदं खाली उतरतंय, आन् पट्टीला वाटतंय, भरपूर हाय. तात्या कसं बघत्यात? सकाळी उठून, गार गाडीत, बंद करून?"

"हो. रोज. देवपूजा झाली की."

"बघा! इंजिनचं ऑइल तसंच बघायचं असतंय. जीपवर जन्म गेला त्यांचा, हात तसाच पडलाय. पर ही गाडी येगळी. खाली पाइपाच्या जोडाला पाझर हाय, दोन-तीन वर्षं थेंब-थेंब जात असणार. तात्यांनी रोज बघितलं, आन् रोज चुकीचं बघितलं." त्यांनी पट्टी पुसून जागेवर घातली. "त्या दिवशी शाळेपुढं गाडी उडाली म्हणत्यात न्हवं? तो तात्यांचा पाय न्हवता, ताई. ऑइल हुतं."

हे ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. खरं सांगते, वाटलं नाही.

याला आता बारा वर्षं झाली. तेव्हा मी सदतीस वर्षांची होते. नवऱ्याची नोकरी नाशिकला, म्हणून मी आणि माझी मुलगी जुई माहेरी वडिलांकडे राहायचो. वडील म्हणजे तात्या. साखर कारखान्यात चेअरमनसाहेबांच्या जीपवर एकोणतीस वर्षं ड्रायव्हर. निवृत्त झाले आणि तीन वर्षांत मधुमेहानं त्यांचा डावा पाय गुडघ्याखाली नेला. अंगठ्यात खिळा घुसला होता आणि ते त्यांना दोन दिवस कळलंच नव्हतं. कळलं तेव्हा पाय काळा पडला होता. लोक म्हणायचे, साखरेचं खाल्लं आणि साखरेनंच नेलं. तात्या स्वतःही हसून तेच सांगायचे.

पण गाडीवाचून हा माणूस जगणार कसा? म्हणून पुण्यातल्या एका डॉक्टरांची जुनी, पांढरी, ऑटोमॅटिक गाडी घेतली. एसयूव्ही म्हणतात तसली, उंच, बैलासारखी. क्लच नाही, म्हणजे डाव्या पायाला कामच नाही. ब्रेक आणि ॲक्सिलरेटर दोन्ही उजव्याकडे. तात्यांनी लायसनवर रीतसर नोंद करून घेतली आणि जयपूर फूट चढवून पुन्हा स्टिअरिंगवर बसले. त्या दिवशी त्यांचं तोंड पाहायला हवं होतं. नवरदेव परवडला. पहिल्या दिवसापासून जुईला शाळेत सोडायचं काम त्यांनी घेतलं, ते कुणाच्या बापाला करू दिलं नाही.

आणि मग अष्टमीच्या अकरा दिवस आधी तो प्रकार झाला. जुई डबा विसरली होती म्हणून मी स्कूटरवरून मागोमाग गेले होते, त्यामुळं सगळं माझ्या डोळ्यांदेखत घडलं. तात्यांनी तिला उतरवलं, गाडी थोडी मागे घेतली, दांडा पुढं टाकला. गाडी जागची हलेना. आणि एकाएकी ती झेपावली आणि रसवाल्याच्या गाड्याचं चाक मोडून थांबली. जुई त्या चाकापासून हातभर अंतरावर होती. ती हसत होती, तिला वाटलं गंमत झाली. रसवाला शिव्या देत होता. मी डबा हातात घट्ट धरून उभी होते.

तात्या खाली उतरले ते पांढरेफटक.

"पाय कळला न्हाई, वैजू," ते म्हणाले. "किती दाबला ते कळलंच न्हाई."

त्या दिवसापासून त्यांनी स्टिअरिंगला हात लावला नाही. मी अकरा दिवस त्यांच्या मागे भुणभुण लावली होती, की गाडी विकून टाकू. आणि मी म्हणण्याआधीच ते मनातून तयार झाले होते. विट्याचे ऐनापुरे सर, त्यांचे गुडघे गेलेले, त्यांनाही क्लचची गाडी नको होती. दसऱ्याला दुपारी, मुहूर्तावर ते गाडी न्यायला येणार होते. फक्त एकदा दस्तगीरभाईंकडून गिअरबॉक्स तपासून घ्या, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

आणि दस्तगीरभाईंनी गिअरबॉक्स पाहिला होता.

"दस्तगीरभाई," मी म्हटलं, "ऑइल बदलून द्या. ऐनापुरे सरांना काय ते खरं सांगा. पण तात्यांना यातलं काही सांगू नका."

ते हात पुसत होते, ते थांबले.

"म्हंजे त्यांना वाटू दे, की पाय गेला?"

"त्यांचं वय एकाहत्तर आहे. आज ऑइल होतं, उद्या खरंच पाय असेल. तेव्हा जुई हातभर लांब नसेल."

"मी खोटं बोलू?"

"खोटं कुठं बोला म्हटलं? गप्प बसा एवढंच."

दस्तगीरभाईंचं घराणं शिकलगारांचं. आजा तलवारींना धार लावायचा, बाप विळ्या-कोयत्यांना, आणि हे गाड्यांत पडले. माणूस तोंडाचा फटकळ, पण त्या दिवशी त्यांनी नुसतं बॉनेट खाली आपटलं. मग म्हणाले, "ऑइल सांगलीस्नं मागवावं लागंल, संध्याकाळच्याला येईल. उद्या खंडेनवमी. उद्या हत्यारं पूजेला, मी पान्याला बोट लावत न्हाई, आमच्या उस्तादाची शिस्त हाय. दसऱ्याला सकाळी करतो. गाडी राहू द्या हितंच. एक चावी हितं ठेवा, दुसरी न्या, तात्यांच्या पूजेला लागंल."

मी चावी घेऊन चालत निघाले. लॅबमध्ये त्या दिवशी दोन माणसांची शीर मला सापडली नाही. पंधरा वर्षांत असं झालं नव्हतं.

संध्याकाळी तात्या ओसरीवर वाटच बघत होते.

"काय म्हणाला दस्तगीर?"

"काही नाही," मी चपला काढत म्हटलं. "गाडी ठीक आहे."

"ऑइल बघितलं त्यानं?"

"बघितलं."

"मी रोज बघतो की. वरच्या खुणेला असतंय." त्यांनी उजवा पाय जरा पुढं घेतला, त्याच्याकडं पाहिलं, आणि परत मागं घेतला. "म्हंजे पायच."

मी आत गेले आणि उगीचच पिठाचा डबा उघडून त्यात बघत राहिले. जुईच्या जिवासाठी केलं, असं मी स्वतःला बजावत होते. बजावावं लागत होतं, यातच सगळं आलं.

दुसऱ्या दिवशी नवमी. आमच्याकडं खंडेनवमीला पाटावर हत्यारं मांडतात. तात्यांच्या पाटावर विळा-कोयता नाही. तिथं कारखान्याच्या काळातले पाने, एक पक्कड, हवा तपासायचं घड्याळ, आणि गाडीची चावी. त्यांनी सगळ्यांना हळद-कुंकू लावलं, झेंडूचं फूल वाहिलं. चावीवर फूल ठेवताना त्यांचा हात थोडा थांबला.

"उद्या ही मी उचलणार न्हाई," ते म्हणाले. "ऐनापुऱ्यास्नीच उचलू द्या."

जेवणं झाली. पुरणाची पोळी मी ताटात तशीच ठेवली, आणि तात्यांना चालत नाही म्हणून त्यांनी चाखली नाही. जुई एकटीनं तीन हाणल्या. मी भांडी आवरली, कपडे काढले, घड्या घातल्या, मोडून परत घातल्या. एका जागी बूड टेकेना. मागच्या पडवीतून जुईचं खिदळणं ऐकू आलं म्हणून मी दारापर्यंत गेले आणि तिथंच थांबले.

तात्या आरामखुर्चीत डोळे मिटून बसले होते. डावा जयपूर फूट भिंतीला टेकवून ठेवला होता. उजवा पाय समोरच्या स्टुलावर, विजार गुडघ्यापर्यंत दुमडलेली. जुई खाली मांडी घालून बसली होती, आणि तिच्या हातात तिच्या कंपासपेटीतली टाचणी होती.

"अंगठा," तात्या म्हणाले.

"बरोब्बर!"

"मधलं बोट."

"बरोब्बर! कसं ओळखलं?"

"हळू टोच गं, रक्त काढशील. हां. टाचेच्या कडंला."

"बरोब्बर!"

सगळं बरोबर येत होतं. न यायला काय झालं होतं? मधुमेहाच्या माणसांचे पाय असेच तपासतात, मी रोज बघते. त्या पायाला काहीही झालेलं नव्हतं. मी दाराशी उभी राहून ते बघत होते आणि तात्यांच्या कपाळावर घाम डवरला होता.

जुईला खोडी काढायची हुक्की आली. तिनं टाचणी वर धरली आणि गालातल्या गालात हसत नुसतीच बसली.

"करंगळी," तात्या म्हणाले.

जुई हसायला लागली. "तात्याआजोबा, मी टोचलंच नाही!"

तात्यांनी डोळे उघडले. पोरीच्या हातातल्या त्या टाचणीकडं त्यांनी असं पाहिलं, की माझ्या हातातला कपडा खाली पडला. आधीची सगळी बरोबर आलेली बोटं ते विसरले. त्यांच्या मनात राहिली ती एक न टोचलेली करंगळी.

"दे ती हिकडं," ते म्हणाले. टाचणी त्यांनी सदऱ्याच्या गळपट्टीला खोचली. मग त्यांना मी दिसले.

"वैजू, तुमच्या लॅबात पाय तपासत्यात न्हवं? दसरा झाला की मला ने. ह्यो बी जाणार असंल तर आत्ताच कळू दे. पहिल्या खेपेला उशीर झालता." आणि मग आवाज अगदी खाली आणून, जुईला ऐकू जाऊ नये म्हणून, "दोन्ही गेल्यावर मला कुठं ठेवशील गं?"

मला जागच्या जागी सांगता आलं असतं. सांगायचं एकच वाक्य होतं. पण ते वाक्य आता त्यांनी खरं मानलं नसतं. पोरगी बापाची समजूत काढते आहे, एवढंच त्यांना वाटलं असतं. काल मी स्वतःच म्हटलं होतं, गाडी ठीक आहे. म्हणतात ना, एक खोटं पचवायला दहा लागतात. मला तर पहिलंच पचलं नव्हतं.

मी चपला घातल्या आणि भर उन्हात गॅरेजकडं सुटले.

गॅरेजचं अर्धं दार ओढलेलं होतं. आत लाकडी फळीवर पाने, जॅक, हातोड्या ओळीनं मांडलेल्या, सगळ्यांना झेंडूच्या माळा. दस्तगीरभाई बाहेर खुर्ची टाकून पेपर वाचत होते. फरशीवर आमची गाडी उभी होती. तिलाही त्यांनी माळ घातली होती.

"दस्तगीरभाई, आत्ता ऑइल बदला. तात्यांना घेऊन येते. त्यांच्या डोळ्यांसमोर करा."

"आज? हत्यारं पूजेत हायत, ताई."

"एक दिवस नियम मोडला तर काय आभाळ कोसळतंय?"

"उस्ताद वारून सतरा वर्षं झाली, त्यांच्या मागं मोडला न्हाई. तुमच्यासाठी मोडू व्हय?" त्यांनी पेपर घडी करून मांडीवर ठेवला. "आन् सांगायला हत्यार कशाला लागतंय? तोंडानं सांगा की."

"माझं ऐकणार नाहीत ते. तुम्ही सांगा."

"काल म्हणलासा, गप बसा. आज म्हणताय, बोला." ते रागावले नव्हते, पण हसतही नव्हते. "मला आजवर लई जणांनी गप बसवलंय. पर ज्यानं गप बसवलं, त्यानंच तोंड उघडावं. उद्या आठाला घेऊन या. दावायचं ते मी दावतो. बोलायचं ते तुमचं तुम्ही बोला."

ती रात्र कशी गेली ते सांगत बसत नाही.

दसऱ्याला सकाळी सात वाजता मी पाटावरची चावी उचलली, तिच्यावरचं सुकलेलं फूल काढलं आणि तात्यांसमोर धरली.

"मी उचलणार न्हाई म्हणलोय न्हवं?"

"चालवू नका. नुसती धरा. गॅरेजात जायचंय. रिक्षा आणलीय."

"मी कशाला?"

"चला म्हणते ना!" माझा आवाज इतका चढला, की शेजारच्या काकूंनी खिडकीतून बघितलं. तात्यांनी मुकाट पाय चढवला आणि चावी खिशात टाकली.

दस्तगीरभाईंनी दुसऱ्या चावीनं गाडी आधीच चक्कर मारून तापवून आणली होती. इंजिन चालू होतं. त्यांनी तात्यांना रामराम केला आणि पट्टी ओढून, पुसून, परत घालून, काढून त्यांच्या हातात दिली.

तात्यांनी टोकावरचा काळपट डाग बघितला.

"तुझं चुकलं, दस्तगीर. चालू गाडीत कुठं ऑइल बघत्यात? बंद कर."

"करतो."

इंजिन बंद झालं. पुन्हा तीच पाच मिनिटं. या वेळी मी हललेही नाही. पट्टी निघाली ती वरच्या खुणेला भिजलेली.

"हां, बघ. भरलंय," तात्या म्हणाले.

"तात्या," दस्तगीरभाई म्हणाले, "जीप न्हवं ही. हिचं ऑइल चालू इंजिनातच बघायचं असतंय. तापवून, सपाट जागी, दांडा समद्या खाचांतनं फिरवून. टोकाला लागलेलं खरं. वरच्या खुणेचं खोटं."

तात्यांनी पट्टी परत डोळ्यांजवळ नेली. मी त्यांच्या तोंडाकडं बघत होते. एकोणतीस वर्षं जीप चालवलेला ड्रायव्हर स्वतःची चूक मनाशी जुळवत होता.

"म्हंजे ऑइल कमी हुतं."

"निम्म्याला आलतं. आन् जे हुतं ते जळालेलं. म्हणून तर दांडा टाकला की गाडी उचलत न्हाई, माणूस पाय दाबतंय, आन् मग ती एकदम उसळती."

तात्यांनी पट्टी पुसून परत दिली. दस्तगीरभाई गाडीखाली शिरले. खालचं पॅन सोडलं तसं काळं ऑइल ट्रेमध्ये पडायला लागलं. पॅनच्या तळाला लोहचुंबकावर चिखलासारखा थर बसला होता, तो त्यांनी बोटानं काढून तात्यांना दाखवला. जाळी बदलली, पाइपाचा जोड आवळला. "एका खेपेत समदं निघत न्हाई," ते खालूनच म्हणाले. "निम्मं आतच ऱ्हातंय. पंधरा दिवसांनी परत काढू, मग आणखी एकदा. एकदम धुऊन काढली तर जुनी गिअरपेटी बिथरती."

वरून नवं ऑइल घालायची वेळ आली तेव्हा तात्यांनी नरसाळं स्वतःच्या हातात घेतलं. लाल, स्वच्छ, खरंच कोकमाच्या सरबतासारखं ऑइल ते धार धरून ओतत होते. थोडं घालायचं, इंजिन चालू, दांडा खाचाखाचांतून, पट्टी काढायची, पुसायची, बघायची. असं चार वेळा. चौथ्या वेळी पट्टी बरोबर दोन खुणांच्या मध्ये लाल झाली.

"बसा आता आत," दस्तगीरभाई म्हणाले.

तात्या बसले. ब्रेकवर उजवा पाय ठेवला. दांडा मागे टाकला, गाडीनं लगेच उचल घेतली, लाथ नाही की काही नाही. पुढं टाकला, तेच. पुन्हा मागे. पुन्हा पुढं. सात-आठ वेळा त्यांनी तेच केलं. मग दांडा पार्किंगला लावून ते स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून समोर बघत बसले. इंजिन मंद चालू होतं.

"वैजू."

"हं."

"तुला ह्ये कधी कळलं?"

दस्तगीरभाई नळाकडं गेले आणि हात धुवायला लागले. ते हात पुष्कळ वेळ धूत राहिले.

"परवा," मी म्हटलं. "अष्टमीला."

"परवा." त्यांनी मान हलवली. "म्हंजे काल पडवीत... जुई टोचत हुती, तेव्हा तुला ठावं हुतं."

"हो."

एवढंच. शिवी नाही, ओरडणं नाही. मला वाटलं, ओरडतील तर बरं होईल. त्यांनी फक्त पलीकडचं दार आतून उघडलं. "बस," म्हणाले.

आम्ही निघालो. घराकडं वळायच्या नाक्यावर ते वळले नाहीत, सरळ शाळेकडं गेले. सुट्टी होती, फाटक बंद होतं. रसाचा गाडा नव्या चाकावर, वरती ताडपत्री बांधून उभा होता. तात्यांनी त्याच जागी गाडी थांबवली. मागे घेतली. दांडा पुढं टाकला. गाडी अलगद सरकली आणि त्या चाकापासून हातभर अंतरावर थांबली. इतकी अलगद, की डॅशबोर्डवरची चिल्लरही हलली नाही.

"तुझी भीती खोटी न्हाई," ते समोर बघतच म्हणाले. "पोर तुझी हाय. मी तुझ्या जागी असतो तर मलाबी हेच वाटलं असतं. तू मला म्हणायचं हुतंस, तात्या, जुईला नेऊ नका. मी नेली नसती. एका शब्दानं न्हाई म्हणलो नसतो."

"तात्या, चुकलं माझं."

"मग पायावर आळ कशाला ऱ्हाऊ दिलास गं?" आता त्यांचा आवाज फाटला. "एक पाय जाताना बघितलाय मी. दुसरा हाय तोवर हाय म्हणावं की मला कुणीतरी."

मी रडले. त्यांनी रडू दिलं, समजूत काढली नाही. मग गळपट्टीची टाचणी काढून माझ्या हातावर ठेवली. "जुईच्या कंपासात ठेव," म्हणाले, आणि गाडी घराकडं वळवली.

दुपारी ऐनापुरे सर पेढे घेऊन आले. तात्यांनी त्यांना सोनं दिलं, चहा पाजला आणि गाडी द्यायची नाही म्हणून हात जोडले.

तात्यांनी त्यानंतर पाच वर्षं गाडी चालवली. एक ओरखडा नाही. रोज सकाळी देवपूजा झाली की गाडी चौकापर्यंत फिरवून आणायची, अंगणात सपाट जागी उभी करायची आणि इंजिन चालू ठेवून पट्टी बघायची. कुणीही आलं तरी त्याला ती कोऱ्या कागदावर पुसून दाखवायची.

पण जुईला त्यांनी त्या गाडीत पुन्हा कधी बसवलं नाही. शाळा उघडली त्या दिवशी त्यांनी स्वतःच तिला रिक्षा लावून दिली. आठवड्याभरानं मी म्हटलं, तात्या, आता न्या तिला. ते म्हणाले, "ठरलंय ते ठरलंय." दिवाळीनंतर आणखी एकदा म्हटलं. ते हसले, आणि विषय बदलला. तिसऱ्यांदा म्हणायला माझं तोंड उघडलं नाही.

सकाळी जुई रिक्षाची वाट बघत फाटकात उभी असायची. तात्या गाडी घेऊन तिच्या समोरून जायचे, दोनदा हॉर्न वाजवायचे. ती हात हलवायची. मी स्वयंपाकघरातून ते दोन हॉर्न ऐकायचे, पाच वर्षं, रोज.

ती टाचणी मी कंपासपेटीत परत ठेवली नाही. ती अजून माझ्याजवळ आहे.